काचेच्या खोलीत कडू कॉफी

या, जवळ सरका. दार लोटून घ्या, वारा आत येतोय. आज तुम्हाला एका खोलीची गोष्ट सांगायची आहे. मधूनच उठलात तर अर्धीच पदरात पडेल, आणि अर्धी गोष्ट अर्ध्या भाकरीसारखी असते, नुसती भूक वाढवते. तेव्हा नीट मांडी घाला.

बायबलातल्या काना नावाच्या गावी लग्न होतं, पाहुणे जमले होते आणि ऐन पंगतीत द्राक्षारस संपला, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणापासून गाऊन ऐकली आहे. आमचे इस्तफान मास्तर ती गायला लागले की रांजणात पाणी पडल्याचा आवाज कानाला ऐकू यायचा. आईने लेकाच्या कानात अडचण सांगितली, त्याने पाण्याचा द्राक्षारस केला आणि निभावलं. पण तळघरातली पिंपं काठोकाठ भरलेली आहेत, पेले लख्ख पुसून ठेवलेत आणि पाहुणाच येत नाही, असं झालं तर कोणी कोणाच्या कानात काय सांगायचं? ते काही त्या कथेत नाही. आपली गोष्ट त्या दुसऱ्या अडचणीची आहे.

आमचं ऐन दालिया गाव लेबनॉनात, झहले शहराच्या वर, डोंगराच्या कुशीत. गावात शिरताना उजव्या हाताला नखलेची वाइनरी लागते, त्याच्या बापाने घातलेली. खाली तळघर, मागे द्राक्षांचे मळे, आणि रस्त्याच्या अंगाला एक लांबट खोली, जिची मळ्याकडची अख्खी भिंत काचेची. येणाऱ्यांनी मळा बघत बसावं, चार प्रकारची वाइन चाखावी, आवडेल ती बाटली बगलेत मारून जावं, यासाठी ती बांधली. तिला बाहेरचे लोक काहीही म्हणोत, गावात ती काचेची खोली. आणि काचेची खोली म्हणजे विदाद.

विदाद ही नखलेची धाकटी बहीण. लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारायची गावाला हौस होती तेव्हा विचारून झालं, आता कोणी विचारत नाही. खोलीचं दार पहिल्यांदा उघडलं त्या दिवसापासून ओतायचं काम तिचं. पेल्यात घोटभर ओतायची, आणि मग चाखणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता काचेतून मळ्याकडे बघत राहायची. तोंडाकडे बघितलं की माणसाला उगाच कौतुक करावं लागतं, असं ती म्हणे. वाइनबरोबर लबने म्हणजे दह्याचा घट्ट चक्का, ऑलिव्ह, घरची रोटी. घरच्या सूनबाई कुरकुरायच्या की खायलाच इतकं घालतेस तर लोक बाटल्या कशाला घेतील; पोट भरलं की खिसा मिटतो. विदाद ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी रोटी वाढवायची.

चांगले दिवस होते तेव्हा बालबेकचे जुने रोमन खांब बघून परतणाऱ्या बसगाड्या संध्याकाळी आमच्या गावात रांगेने उभ्या असत. फ्रेंच, जर्मन, आखातातले, कुठकुठले. शुक्री नावाचा ड्रायव्हर तर हॉर्न वाजवायच्या तऱ्हेवरून सांगायचा की आत किती तहानलेली मंडळी आहेत. मग बँका बुडाल्या. मग बैरूतच्या बंदरात तो स्फोट झाला. मग लढाई. परदेशच्या वकिलातींनी आपापल्या माणसांना बजावलं की आमच्या बेकाच्या खोऱ्याकडे फिरकू नका, आणि लढाई थांबली तरी ते बजावणं काही कोणी मागे घेतलं नाही. बैरूतची तरुण पोरं कधीमधी यायची, पण ती काचेपुढे उभी राहून फोटो काढायची आणि विचारायची, इथे थंड कॉफी मिळेल का? त्यांच्यातली निम्मी पीतच नाहीत म्हणे; तब्येत सांभाळतात. खालच्या मोठ्या वाइनरीने आपल्या चाखायच्या खोलीचा लग्नाचा हॉल करून टाकला. नदीपलीकडच्यांनी कुलूप घातलं. शुक्री आता गॅसच्या टाक्या वाहतो, आणि टाक्यांना हॉर्न लागत नाही.

या धंद्यात एक गोष्ट आहे. चाखायला म्हणून बाटली उघडली की ती उघडली. पाहुणा एकच आला तरी बाटली अख्खी उघडावी लागते, आणि उरलेली दोन-तीन दिवसांत आंबते. पूर्वी बाटली उरायची नाही. आता घोटभर संपायची आणि बाकीची विदाद व्हिनेगरच्या मडक्यात ओतायची. ते मडकं भरलं की गावात वाटायची. असं करता करता घरोघरी व्हिनेगर झालं. आमच्या गावच्या लोणच्याच्या काकड्या साऱ्या बेकात गाजल्या त्या या दिवसांत. बायका गमतीने म्हणायच्या, विदादचे पाहुणे रोडावले की आमच्या बरण्या बाळसं धरतात. विदाद त्यांच्याबरोबर हसायची. मग खोलीत परतून दर आठवड्याला न वापरलेले पेले पुन्हा धुवायची, कारण रस्त्याची धूळ काचेच्या खोलीतही शिरतेच.

त्या वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला, म्हणजे आमच्या तोडणीच्या दिवसांत, नखलेने विषय काढला. तो वाईट माणूस नव्हे. त्याने आधी बहिणीला बसवलं, सफरचंद कापून दिलं, आणि मग सांगितलं की झहलेचा एक सौर बॅटऱ्यांचा व्यापारी गोदामासाठी जागा शोधतोय. वीज येत नाही म्हणून बॅटऱ्या मात्र पाण्यासारख्या खपतात. त्याला काचेची खोली हवी आहे. काच तो आतून रंगवून घेईल.

विदादने विचारलं, "आणि मी?"

"तू घरात. घर काय तुझं नाही का?" नखले म्हणाला. "बैरूतला आपल्या धाकट्या भावाच्या मुलाला सांभाळायला कोणी तरी हवंच आहे, तो कधीचा म्हणतोय."

घर तिचं होतं हे खरं. पण चाळिशी-पन्नाशीच्या बाईला सगळे 'घर तुझंच आहे' असं सांगायला लागले की तिने ओळखावं, घरात तिच्या नावाची एकही खुंटी नाही. खोलीत मात्र परके लोक तिला नावाने विचारत यायचे. मागच्या वर्षी भेटलेली विदाद कुठे आहे, असं दूरदेशीचा माणूस दारात उभं राहून विचारतो, याची किंमत ज्याला कोणी विचारत नाही त्यालाच कळते. तिने सफरचंदाची फोड तशीच बशीत ठेवली आणि भावाकडून एक वचन मागून घेतलं. बैरूतची जुमाना, जी पूर्वी सहली आणायची, तिच्या बसगाड्या पुन्हा दर शनिवारी थांबायला लागल्या तर खोली राहील. नाहीतर महिना संपला की किल्ली बॅटऱ्यांची.

बुडत्याला काडीचा आधार. विदादने जुमानाला फोनवर फोन केले. आणि काडी खरंच हाताला लागली. जुमाना म्हणाली, ब्राझीलहून एक बस भरून मंडळी येतायत, आजे-पणजे इथून गेलेले, आता मुळं शोधत फिरतायत. शनिवारी दुपारी आणते. त्यांना आवडलं तर तुमची खोली माझ्या रस्त्यावर कायमची घेते. पण विदाद, म्हणाली, झकास झालं पाहिजे. एकदा पाहुण्याचं तोंड आंबट झालं तर कंपनी मला पुन्हा विचारणार नाही.

झालं. गुरुवारी विदादने काच आतून-बाहेरून पुसली. लबनेचे गोळे वळले, तेलात सोडले. तळघरातून चार बाटल्या वर आणून सावलीत उभ्या केल्या. समोरच्या घरी जाऊन इस्तफान मास्तरांना सांगून आली की शनिवारी यायचं आहे, कानाचं लग्न गायचं आहे.

मास्तर म्हणजे आमच्या देवळाचे गायक. शाळेत कधी शिकवलं नाही, पण गाण्यात सगळं गाव शिकवलं म्हणून मास्तर. पाद्री अबूना रुफाईल उपदेश बोलायचे, मास्तर तोच गायचे, आणि बोललेला विसरला तरी गायलेला डोक्यात राहायचा. गावात कोणी गेलं की त्याला मातीपर्यंत पोचवणारा आवाज मास्तरांचा. खोलीत पाहुणे असले की काठी टेकत यायचे, एखादं पद म्हणायचे, मोबदल्यात तांबड्या वाइनचा एक पेला घ्यायचे, दुसरा कधी घेतला नाही. मुलगा बशारा ब्राझीलला, साओ पावलोत. घरात बायको, तिला सगळे उम्म बशारा म्हणत, म्हणजे बशाराची आई. फार सोशिक बाई. उम्म बशाराकडे काही मागायला गेलं आणि ती नाही म्हणाली, असं कोणाच्या आठवणीत नाही. चाळणी मागा, चाळणी देईल. पीठ मागा, स्वतःच्या ताटलीतलं देईल.

शुक्रवारी दुपारी देवळाची घंटा सावकाश वाजायला लागली. मास्तर झोपेतून उठलेच नव्हते.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. घंटा वाजल्यापासून माती पडेपर्यंत गावात कोणी वाइन ओतत नाही, बडीशेपेची दारू, अरक, तीही ओतत नाही. तोडणीला बंदी नाही, कारण पिकलेलं द्राक्ष कोणासाठी थांबत नाही. पण पेला भरायचा नाही. शोकाला आलेल्यांना द्यायची ती बिनसाखरेची कडू कॉफी. यातून सूट द्यायचा हक्क एकाच घराला, ज्या घरचं माणूस गेलं त्या घराला.

संध्याकाळी अबूना रुफाईल वाइनरीच्या अंगणात आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली, तेव्हाच विदादला कळलं की मागणं आहे. शोकाला बसायचं ते देवळाच्या हॉलमध्ये. पण हॉलमध्ये लढाईमुळे दक्षिणेतून आलेली कुटुंबं अजून राहत होती, त्यांची घरं उरलेली नव्हती. त्यांना एका दिवसासाठी उठवायचं कुठे? मास्तरांचं घर वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, जिना अरुंद. माती शनिवारी चारला. सकाळपासून लोक येणार. काचेची खोली मिळाली तर, असं म्हणून अबूना थांबले.

नखले म्हणाला, उद्या पाहुणे आहेत. सभ्यपणे म्हणाला, पण म्हणाला. अबूनांनी विदादकडे बघितलं. विदादने खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. विचार करून ठेवली म्हणावं, तर तेवढा वेळच गेला नाही. समोरच्या घरी मढं असताना हात खिशाकडेच जातो.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक पुढे झाली. रात्र पडायच्या आत तिने जुमानाला फोन लावला आणि सांगितलं की समोर मयत झालंय, खोलीत शोकाची बैठक आहे. जुमानाने खेद दाखवला आणि म्हणाली, सहल आता हलवता येत नाही. पण तुमचं तळघर आहे ना, तिथे चाखू, उलट जास्त शोभेल. त्या वेळी विदादने सांगायला हवं होतं की गावात उद्या कुठेच काही ओतता येणार नाही. ती म्हणाली, "बघू." माणसाच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांत 'बघू' हा फार गोड आणि फार लबाड. त्यात हो मिसळलेलं असतं आणि नाही बुडालेलं असतं. देवाला काळजी, असं मनाशी म्हणून तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी टेबलं भिंतीला लावली, खुर्च्या ओळीने मांडल्या. बायका काचेच्या बाजूला, पुरुष दाराच्या बाजूला. पेल्यांच्या फळीवर विदादने पांढरी चादर टाकली. उम्म बशारा मधोमध काळ्या कपड्यांत बसली. तिच्या मागे काचेतून मळा दिसत होता आणि तोडणीवाले वाकलेले दिसत होते. माणसं येत, रांगेत उभ्या नातलगांचे हात हातात घेत, देव त्यांना विसावा देवो म्हणत. नातलग म्हणत, त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो. मग खुर्ची, मग कडू कॉफी.

आणि बारा वाजायला आले असताना दारात बस उभी राहिली. पुढच्या काचेवर हिरव्या-पिवळ्या रंगाचा झेंडा.

दाराशी मास्तरांचे चुलतभाऊ तूफिक उभे होते. डोळ्यांनी अधू, मनाने हळवे. त्यांनी झेंडा बघितला आणि आत वळून म्हणाले, "ब्राझीलहून आले. बशाराची माणसं आली."

रांगेतून हुंदका उठला. साहजिक होतं. बशाराला विमानाचं तिकीट मिळालं नव्हतं हे गावाला माहीत होतं. त्याने कोणाला तरी धाडलं, याचा आनंद मोठा. पहिला माणूस पायरी उतरला, तो सेल्सो नावाचा म्हातारा, डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात कॅमेरा. तूफिकने त्याला छातीशी धरलं आणि तीन वेळा गालाला गाल लावला. सेल्सोला सहलीच्या पत्रकात 'लेबनॉनचं ऊबदार आदरातिथ्य' असं वाचलेलं आठवलं असणार. त्यानेही तूफिकला घट्ट धरलं. मागची सगळी बस त्याच वाटेने आत आली, एकेकाचे हात हातात, एकेकाच्या कानात 'त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो'. सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या. गावचे लोक उठून भिंतीला उभे राहिले. कॉफी फिरली. एका जाड्या बाईने घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि शेजारणीला काही तरी विचारलं. शेजारणीने बहुधा सांगितलं की आधी कडू देतात म्हणजे नंतरची वाइन गोड लागते, कारण दोघींनी शहाण्यासारख्या माना हलवल्या आणि कप रिकामे केले.

हे हसण्यासारखं आहे, हसा. तिथे मागे उभ्या असलेल्या पोरींनीही रुमाल तोंडात कोंबलेच. पण मग अबूनांनी प्रार्थना सुरू केली, सगळे उठले, आणि त्या पाहुण्यांना उमगत गेलं. आधी हातातले कॅमेरे खाली गेले. मग टोप्या निघाल्या. सेल्सोच्या आजोबांना सोडलेलं गाव पुन्हा बघणं झालं नव्हतं, ते तिकडेच गेले, परक्या मातीत. तो हे मोडक्यातोडक्या अरबीत तूफिकला सांगत होता आणि आता खरंच रडत होता.

विदाद दारात उभी होती. मागून तिचा दंड कोणी तरी धरला. जुमाना.

जुमानाने तिला तळघराच्या जिन्याशी नेलं. तिथे नखले उभा होता, त्याने पिंपाच्या बाजूला पेले मांडून ठेवले होते, नवे, वरच्या फळीवरचे नव्हेत. जुमाना आवाज चढवणारी बाई नव्हती. ती म्हणाली, या लोकांना मी द्राक्षमळा आणि वाइन सांगून आणलंय, मयत सांगून नव्हे. आता पटकन खाली आणू, अर्ध्या तासात आटपू. विदादने रीत सांगितली, आणि चारपर्यंत बस काही थांबणार नव्हती. जुमाना बैरूतची असली तरी परकी नव्हती. तिला रीत ठाऊक होती.

"मग बाईंना विचार," जुमाना म्हणाली. "घरचे सूट देऊ शकतात ना?"

"देऊ शकतात."

"मग जा की. ती नाही म्हणेल का?"

"नाही म्हणणार नाही," विदाद म्हणाली.

नखलेने तिच्याकडे बघितलं. भाऊ म्हणून बघितलं. "ताई," तो म्हणाला. वयाने तो मोठा, त्याने तिला आजवर कधी ताई म्हटलं नव्हतं. "एक शब्द आहे गं. तुझ्या खोलीसाठी. मास्तरांनासुद्धा आवडलं असतं."

तेही खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ऐकवत नव्हतं. विदाद जिना चढून वर आली. पायऱ्या चढताना ती विचारणारच होती, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तिने वाक्यही जुळवलं होतं. खुर्च्यांमधून वाट काढत ती उम्म बशाराजवळ गेली आणि गुडघ्यावर बसली.

उम्म बशाराने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "सकाळपासून उभी आहेस," ती म्हणाली. मग पाहुण्यांकडे नजर टाकून हळू आवाजात म्हणाली, "बशाराची माणसं नाहीत ही. मला कळलं. पण आली, बसली, रडली. लांबून आलेली माणसं आहेत, विदाद. त्यांच्या पुढ्यात काही ठेवलंस का?"

बघा, दार सताड उघडं होतं. आत पाऊल टाकायचं तेवढं बाकी. विदादच्या जिभेवर वाक्य तयार होतं. त्या बाईचा हात गार होता, कोरडा होता, आणि ज्या हाताने आयुष्यात कोणाला काही नाकारलं नाही तोच हात होता तो.

"कॉफी दिलीय, उम्म बशारा," विदाद म्हणाली.

"बरं केलंस," ती म्हणाली आणि हात सोडला.

विदाद खाली गेली नाही. दारातूनच तिने जुमानाकडे बघून नकाराची मान हलवली. जुमानाने एकेका पाहुण्याच्या खांद्याला हात लावून मंडळी उठवली. सेल्सो म्हणत होता की मी मातीपर्यंत थांबतो. पण बस एकट्यासाठी थांबत नाही. झहलेत नदीकाठच्या हॉटेलात जुमानाने फोन केला, तिथे जेवण आणि वाइन दोन्ही तयार होतं. निघताना ती विदादला म्हणाली की तुझं मला कळतंय. "पण कंपनीला मी काय सांगू? कडू कॉफी पाजली म्हणून?" त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

चारला माती झाली. अबूना एक चरण म्हणायचे आणि दुसरा मास्तर म्हणायचे, अशी चाल वर्षानुवर्षं पडलेली. अबूनांनी पहिला चरण म्हटला आणि सवयीने थांबले. सगळं देऊळ मास्तरांच्या जागेकडे बघायला लागलं. उत्तर देणारा तर शवपेटीत होता. मग बायकांच्या बाजूने कोणी तरी सुरुवात केली, मग पुरुषांनी धरलं, कोणी वर, कोणी खाली, कोणाचा शब्द चुकलेला. मास्तर असते तर त्यांनी काठी आपटून सगळ्यांना थांबवलं असतं. पण तो चरण पुरा झाला. देवा, अशा बेसूर गाण्यालाही तू कान देतोस, म्हणून आम्ही तुझ्या दारात उभे राहतो.

नखलेने आपलं वचन मोडलं नाही, आणि विदादने त्याला मोडायला सांगितलं नाही. महिना संपल्यावर बॅटऱ्यांचा ट्रक आला. पेले कागदात गुंडाळून खोक्यात भरले, खोकी तळघरात गेली. व्यापाऱ्याच्या माणसांनी काचेला आतून पांढरा रंग दिला, उन्हाने माल तापू नये म्हणून. मळा आता बाहेरच राहिला. विदाद बैरूतला गेली नाही. म्हणाली, तोडणी संपू दे. मग म्हणाली, अरक गाळून होऊ दे. तीही 'बघू'च्या जातीचीच उत्तरं होती, पण नखलेने पुन्हा विचारलं नाही.

लोकांनी नावं ठेवली, तीही सांगायला हवीत. कोणी म्हणालं, देवभोळी. कोणी म्हणालं, हट्टी, भावाचं नुकसान केलं. काही म्हणाले, खोली आज नाहीतर उद्या जाणारच होती. एका बसने काय दुष्काळ हटतो? यात कोण बरोबर ते मला ठरवता येत नाही. त्या शनिवारी तळघरात दोन घोट ओतले असते तर जुमानाच्या गाड्या आल्या असत्या की पुढच्या लढाईने पुन्हा थांबल्या असत्या, हे कोण सांगणार?

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर उकडलेले गहू वाटले, मग माणसं पांगली. उम्म बशाराने विदादला थांबवून घेतलं. तिला तोवर सगळं कळलं होतं. गावात कळल्याशिवाय राहतंय काय. दोघी वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी बसल्या. खिडकीतून समोर पांढरी काच दिसत होती.

"मला विचारायचंस की गं," उम्म बशारा म्हणाली. "मी हो म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

विदादला वाटलं होतं, हे ऐकून बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवेल. तिने तसं केलं नाही. ती आपल्या बोटातली अंगठी फिरवत बसली. मग म्हणाली, "आता ही खोली माझ्यामुळे गेली, असं मी रोज खिडकी उघडली की बघायचं. जन्मभर देत आले, कोणाचं काही घेतलं नाही. शेवटी तू न विचारता माझ्या पदरात हे टाकलंस. मी देते म्हणाले असते तर निदान माझं पुण्य तरी झालं असतं."

त्या क्षणापर्यंत विदादला एवढंच ठाऊक होतं की जिला नाही म्हणता येत नाही तिच्याकडे मागू नये. तिला देऊ न देणं हेही एक प्रकारचं हिसकावणंच असतं, हे तिला कोणी गाऊन सांगितलं नव्हतं. ती माफी मागायला लागली, तर उम्म बशाराने हातानेच थांबवलं आणि गव्हाची वाटी तिच्यापुढे सरकवली. दोघींनी खाल्लं. गोड होतं, वर बदाम होते. अंधार पडायच्या आधी विदाद उठली, उम्म बशाराने जिन्यावर दिवा धरला.

इस्तफान मास्तरांची आठवण काढायला माणसं आहेत. देवळात त्यांचं नाव दर वर्षी घेतलं जाईल. उम्म बशाराला बशारा आहे. पण खोलीतून उठवलेल्या बाईसाठी कुठल्याही देवळात घंटा वाजत नाही. तेव्हा आज घरी जाऊन हात जोडाल, आपल्या माणसांची नावं एकेक करून घ्याल, तेव्हा शेवटी एक नाव माझ्यासाठी घ्या: विदाद, ऐन दालियाची. तिने बरोबर केलं की चूक, ते देवावर सोडा. तुम्ही नुसतं नाव घ्या.